वाई ते पोलादपूर : घाटरस्ता आणि त्याच्या पायवाटा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी नात आईवडिलांबरोबर महाबळेश्वरास जाऊन आली. परत आल्यावर मीं तिला विचारलें, "काय काय पाहिलेंस?" ती मोठ्या ऐटींत म्हणाली, "आजोबा, एका दिवसांत बारा पॉइंट!" मीं मास्तरकीच्या संवयीनें पुढें विचारलें, "त्यांपैकीं सावित्री नदी कोणत्या पॉइंटावरून दिसली? प्रतापगड कोणत्या बाजूला होता?" पोर गप्प झाली. तिला आठवत होतें तें भाजलेलें कणीस, घोड्याची रपेट आणि मोटारींची लांबच लांब रांग. यांत तिचा दोष नाहीं. तेथील भाड्याच्या मोटारींचा हिशेबच पॉइंटांच्या संख्येवर चालतो. तेव्हां पाहणारा तरी दुसरें काय मोजणार? पण त्या दिवशीं माझ्या मनांत आलें कीं, या रस्त्याविषयीं आपणांशीं चार शब्द बोलावे. या रस्त्यानें मी पुष्कळ वेळां गेलों आहें, कधीं एस्. टी. नें, कधीं पायीं. एकदां त्यानें माझा गर्वही उतरविला, तें पुढें सांगेनच. हा रस्ता म्हणजे वाईपासून पसरणी घाटानें पांचगणी, तेथून महाबळेश्वर, आणि पुढें आंबेनळी घाटानें पोलादपूर.

अंतर म्हणाल तर सगळें मिळून सत्तर किलोमीटरांच्या आसपास. मध्यें कोठें न थांबतां मोटार तीनेक तासांत हा पल्ला गांठते. परंतु तेवढ्यांत आपण देशावरून सह्याद्रीच्या माथ्यावर चढून पलीकडे कोंकणांत उतरलेले असतों. वाई सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर १,३७० मीटरांच्या घरांत, आणि पोलादपूर जवळजवळ कोंकणच्या तळाशीं. म्हणजे जेवढें चढावें, त्याच्या जवळजवळ दुप्पट उतरावें. सह्याद्रि पूर्वेकडून सावकाश चढत जातो आणि पश्चिमेकडे एकदम तुटून पडतो, असें मी वर्गांत मुलांना सांगत असें. त्या एका वाक्याचा अर्थ फळ्यावरच्या आकृतीपेक्षां या रस्त्यावर फार लवकर कळतो.

पहिला थांबा मी पसरणी घाटांतच घ्यावयास सांगेन. बहुतेक मंडळी येथें थांबत नाहींत. त्यांना पांचगणीची घाई झालेली असते. पण घाटाच्या वरच्या वळणावर, जेथें गाडी उभी करण्यास सुरक्षित जागा असेल तेथें, पांच मिनिटें उतरावें व मागें वळून पाहावें. खालीं कृष्णेच्या कांठीं वाई, तिचे घाट व देवळें. जवळच मेणवली, जेथें नाना फडणविसांचा वाडा व त्याच्या पाठीमागचा घाट अद्याप उभा आहे. आणि पलीकडे पांडवगडाचा कातळमाथा. जो रस्ता आपण चढून आलों, तो एकदां खालीं पाहून घेतला म्हणजे पुढच्या उंचीची किंमत कळते.

पांचगणीस टेबललँडवर सर्वच जातात. इतक्या उंचीवर एवढें सपाट मैदान कसें, हा प्रश्न मात्र थोडे विचारतात. त्याचें उत्तर पायाखालींच आहे. सह्याद्रीचा गाभा काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांचा. त्याच्या माथ्यावर हजारों शतकें ऊन-पावसाचा मारा होऊन वरचा थर कुजला, विरघळणारे क्षार वाहून गेले आणि लोखंडाचा अंश मागें राहून त्याचा तांबडा, छिद्रांचा जांभा दगड बनला. हा जांभा डोंगरावर झांकणासारखा बसला आहे. त्याच्यावर मातीचा थर इतका पातळ कीं मोठें झाड तेथें तग धरीत नाहीं. पण पावसाळ्याच्या अखेरीस त्याच पातळ थरावर इवल्याइवल्या फुलांचा गालिचा पसरतो. म्हणून त्या दिवसांत तेथें चालतांना मळलेली वाट सोडूं नये. एका पावलाखालीं किती रोपें चिरडतात हें वाकून पाहिल्याशिवाय समजत नाहीं.

टेबललँडच्या किंवा पारशी पॉइंटाच्या कडेवरून उत्तरेकडे धोम धरणाचें पाणी दिसतें, आणि त्याच्यापलीकडे कमळगड. ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांनीं एक दिवस राखून ठेवून या गडावर जावें. वाईच्या बाजूनें पायथ्याच्या गांवांतून वाट वर चढते. चढ दमविणारा आहे, पण पुष्कळसा रानाच्या सावलींतून जातो. माथ्यावर तट-बुरूज फारसे नाहींत. परंतु जांभ्याच्या पोटांत खोल उतरत गेलेली एक अरुंद विहीर आहे. तिला गेरूची किंवा कावेची विहीर म्हणतात. पायऱ्यांनीं खालीं जावें तसतशी भर दुपारींही थंडी वाजूं लागते आणि भिंतीला हात लावला तर तो तांबडा होतो. जांभा म्हणजे काय, हें एवढ्या प्रत्यक्षपणें शिकविणारी दुसरी शाळा मला ठाऊक नाहीं.

पांचगणीहून महाबळेश्वर एकोणीसएक किलोमीटर. एवढ्या अंतरांत पावसाचें मान कसें बदलतें पाहा. महाबळेश्वरीं वर्षाला सरासरी साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पांचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि वाईला तर त्याहून पुष्कळच कमी. समुद्राकडून येणारे ढग पश्चिमेच्या कड्यावर आपटून तेथेंच रिते होतात. त्यामुळें रस्त्याच्या कडेची झाडेंही बदलत जातात. पांचगणीच्या बाजूला इंग्रजी अमदानींत लावलेली सिल्व्हर ओकचीं उंच झाडें दिसतात. महाबळेश्वर जवळ आलें कीं जांभूळ, हिरडा, अंजन अशी ठेंगणी, दाट, बारमाही हिरवी झाडी लागते. वाटेवरचें वेण्णा तळें नैसर्गिक नव्हे. साताऱ्याचे छत्रपति शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब यांनीं १८४२ सालीं तें बांधविलें.

महाबळेश्वराचें थंड हवेचें ठाणें १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून वसविलें, म्हणूनच बाजारपेठेला माल्कमपेठ हें नांव पडलें. तत्पूर्वी, १८२४ सालीं, लॉडविक नांवाचा सेनाधिकारी हा डोंगर चढून आला होता. त्याच्या नांवाच्या पॉइंटावर त्याच्या मुलानें उभारलेला स्मारकस्तंभ आहे. घरांतील वडील माणसें व लहान मुलें बरोबर असतील तर मी हीच चाल सुचवीन. गाडी ठेवून झाडींतून थोडें चालावें लागतें, पुढें धार निमुळती होते, आणि स्तंभापाशीं उभें राहिलें कीं समोर कोयनेचें खोरें व प्रतापगड. चालण्याचा आनंद आहे, पण कोणाचा जीव टांगणीला लागत नाहीं.

परंतु हा डोंगर साहेबांनीं शोधला असें मात्र कोणीं समजूं नये. क्षेत्र महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री या पांच नद्यांचीं उगमस्थानें मानून लोक कितीतरी शतकें जात आले आहेत. त्यांतील वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस व कोयना कऱ्हाडास कृष्णेला भेटते, आणि तें पाणी सुमारें १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरास मिळतें. सावित्री मात्र पश्चिमेस उडी घेऊन थोडक्यांत अरबी समुद्र गांठते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांचें नशीब इतकें वेगळें!

ही गोष्ट डोळ्यांनीं पाहावयाची तर आर्थर सीटला जावें. तेथें पहिलें घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेटच्या नांवानें तो ओळखला जातो. जुनें नांव मढीमहाल. गांवापासून बाराएक किलोमीटरांवर हा कडा आहे. एका बाजूला सावित्रीचें खोल, उघडें-बोडकें खोरें, तर दुसऱ्या बाजूला जोरच्या खोऱ्यांतील कृष्णेची हिरवी दरी. मध्यें आपण. कड्याखालून वारा असा जोरानें वर येतो कीं हलकी वस्तु दरींत टाकली तर परत वर येते. कोंकणांतून आलेला वारा कड्याच्या भिंतीवर आदळून वर चढतो, हें त्याचें कारण. पण हें कौतुक पाहण्यासाठीं लोक बाटल्यांचीं झांकणें व कागद फेंकतात, आणि सर्वच कांहीं वर येत नाहीं. जें येत नाहीं तें खालच्या रानांत पडून राहतें. वाऱ्याची परीक्षा घेण्यास गळून पडलेलें एखादें पान पुरे आहे.

या कड्याच्या अंगानें ढवळे घाटाची वाट कोंकणांत उतरते. खालचें ढवळें गांव, चंद्रगड, मग बहिरीची घुमटी आणि वर आर्थर सीट, असा हा चढ कसलेल्या गिर्यारोहकांचाही पुरा दिवस खातो. ही वाट मी नुसती ओळखीकरितां सांगतों. वाटाड्या, पुरेसें पाणी आणि पहांटेची सुरुवात यांवांचून तेथें कोणीं पाऊल टाकूं नये.

आतां मी माझी स्वतःची गोष्ट सांगतों. बाँबे पॉइंटाच्या बाजूनें पार गांवाकडे उतरणारी एक जुनी वाट आहे. तिचें नांव रडतोंडीचा घाट. चढणाऱ्याचें तोंड रडवें होतें म्हणून रडतोंडी! साहेबाच्या जिभेवर त्याचें 'रोटंडा' झालें. १६५९ सालीं अफझलखानाची फौज वाईहून जावळींत उतरली ती याच घाटानें, असें इतिहासकार सांगतात.

तीसएक वर्षांपूर्वी मी सातवीचीं चोवीस मुलें घेऊन या वाटेनें निघालों. माझे एक तरुण सहकारी जेवणाची सोय करण्यासाठीं गाडीनें वळसा घेऊन पारला पुढें गेले होते. वर एका माणसानें बरोबर येण्याची तयारी दाखविली. मीं नको म्हटलें. हातांत नकाशा होता, मी भूगोलाचा शिक्षक, आणि सहलीचा खर्च मुलांच्या वर्गणीचा. वाटाड्याचे पैसे वांचवावे असें मला वाटलें. ऑक्टोबरचे दिवस होते. गवत छातीएवढें वाढलेलें. दुपारनंतर खालून धुकें वर आलें आणि वाट दहा पावलांपलीकडे दिसेनाशी झाली. एका फांट्यावर आम्हीं लांकूडतोड्यांची वाट धरली, ती रानांत जाऊन संपली; पुन्हां मागें आलों. या गडबडींत दिवस कलला. मी सर्वांच्या पुढें होतों आणि मुलांना "चला, चला" म्हणत होतों.

खालीं पहिलें घर दिसलें तेव्हां मीं मुलें मोजलीं. तेवीस भरलीं. पुन्हां मोजलीं. तेवीसच.

श्रोतेहो, त्या क्षणीं माझ्या हातापायांतलें बळ गेलें. मुलांना त्या घरीं बसवून मी हांका मारीत उलट वर चढूं लागलों. धुक्यांत स्वतःचीच हांक परत येई. किती वेळ गेला तें मला सांगतां येणार नाहीं. शेवटीं घंटेचा आवाज आला. एक गवळी धनगर म्हातारी म्हशी घेऊन खालीं येत होती आणि तिचा हात धरून आमचा मुलगा. एका पायांत चप्पल, दुसरी हातांत. तिचा आंगठा तुटला म्हणून तो तें बांधावयास ओढ्यापाशीं बसला, आणि वर पाहतो तों कोणी नाहीं. मीं विचारलें, "बाळ, घाबरलास?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगितलं होतं, वाट चुकली तर जागा सोडायची नाही. म्हणून बसून राहिलो." त्याला सांगितलेला नियम त्यानें पाळला होता. माझा नियम मीं पाळला नव्हता.

म्हातारी मला म्हणाली, "म्हशीसुदीक आमी दर ओढ्याला मोजतो, मास्तर. तुमी पोरं कवा मोजणार?" मीं मान खालीं घातली. आजी, कांहीं घ्या म्हणून पैसे पुढें केले, तर तिनें हात मागें घेतला. "म्होरल्या खेपंला वाटाड्या घिऊन या, त्येला द्या," एवढें बोलून ती म्हशींमागें निघून गेली.

त्यानंतर मीं कितीतरी सहली नेल्या. सर्वांत सावकाश चालणारें मूल सर्वांच्या पुढें, एक जबाबदार मोठा माणूस सर्वांच्या मागें, प्रत्येक ओढ्याला व प्रत्येक फांट्याला मोजणी, आणि त्या गांवचा वाटाड्या बरोबर. हे चार नियम पुन्हां कधीं मोडले नाहींत.

आतां आंबेनळी घाट. १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्डचें नांव या घाटाला दिलेलें होतें. महाबळेश्वरापासून पोलादपूरपर्यंत चाळीसएक किलोमीटर वळणेंच वळणें. अर्ध्या वाटेवर कुंभरोशी गांव लागतें आणि तेथून प्रतापगडाचा फांटा फुटतो. शिवाजी महाराजांनीं जावळी घेतल्यावर १६५६ सालीं मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधविला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याच्या पायथ्याशीं जें घडलें तें महाराष्ट्रांतील प्रत्येक मूल जाणतें. गडावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचें अनावरण पंडित नेहरूंनीं १९५७ सालीं केलें. गड पाहून झाल्यावर लगेच परतूं नका. खालीं पार गांवांत रामवरदायिनीचें देऊळ आहे, आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. त्या पुलावर उभें राहून वर पाहावें. एवढी मोठी फौज या कोंडींत उतरल्यावर तिला बाहेर पडणें कां कठीण गेलें असेल, हें पुस्तकापेक्षां तेथें लवकर पटतें. समोर मकरंदगडाचीं जोड शिखरें दिसतात. त्यांच्यामधली खोगिरासारखी खिंड पाहून इंग्रजांनीं त्यांना सॅडलबॅक म्हटलें. या गडावरही घोणसपूर गांवावरून दाट रानांतून सुरेख वाट आहे. शेकरू पाहावयाचें असेल तर त्या रानांत बोलणें बंद करून चालावें. गवा दिसला तर लांबूनच वाट द्यावी, आणि आग्या मोहळ असेल तेथें धूर, अत्तर व आरडाओरड करूं नये.

पावसाळ्यांत मात्र या घाटाचा मान राखावा. २०२१ च्या जुलै महिन्यांत महाबळेश्वरीं एका दिवसरात्रींत सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणीं तुटून गेला व वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. माथ्यावरचा जांभा पाणी पितो, खालचा कातळ तें सहसा पुढें जाऊं देत नाहीं. मधली माती भिजून जड होते आणि निसटते. त्यांतच डोंगराचा पायथा रस्त्यासाठीं कापलेला असला व वरचें रान तोडलेलें असलें, तर तिला आधार राहत नाहीं. महाबळेश्वर-पांचगणीचा टापू २००१ सालीं सरकारनें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामागें हेंही कारण आहे. कागदावरचा नियम तेथें राहणाऱ्यांनीं व जाणाऱ्यांनीं पाळला तरच डोंगराच्या उपयोगी पडतो.

शेवटची एक गोष्ट सांगून रजा घेतों. त्या प्रसंगानंतर आठ-दहा वर्षांनीं मी पुन्हां रडतोंडीच्या वाटेला गेलों; यावेळीं वाटाड्या घेऊन. तोही साठीचा. पहिल्या घराला कुलूप होतें. मंडळी मुंबईला गेली असें कळलें. म्हातारीची चौकशी केली, तर ती वारली होती. वाट मध्येंच कारवींत बुजली होती आणि वाटाड्या कोयत्यानें ती उघडीत चालला होता. मीं विचारलें, "तुमच्या मुलाला ही वाट ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "न्हाई. त्यो गाडी चालवतो. बारा पॉइंट दावतो."

पायवाट ही दगडांची बनत नाहीं, ती पावलांची बनते. चार पावसाळे कोणी गेलें नाहीं तर ती रानांत मिळून जाते, आणि तिच्याबरोबर ओढ्यांचीं नांवें, पाण्याच्या जागा आणि धुक्यांत रस्ता ओळखण्याचें ज्ञानही जातें. रस्ता तुटतो त्या दिवशीं डोंगरांतल्या माणसाला हीच वाट उरते. म्हणून माझी आपणांस एवढीच विनंति आहे. यंदा दिवाळीनंतर, आकाश स्वच्छ झाल्यावर, आपण या रस्त्यानें गेलांत तर बारापैकीं दहा पॉइंट सोडून द्या. दोनच निवडा. त्यांतील एका ठिकाणीं तरी गाडी सोडून पायीं चला. बरोबर त्याच गांवचा वाटाड्या घ्या व त्याचें मोल मनापासून द्या. पाणी, शिदोरी, विजेरी आणि शिट्टी पिशवींत असूं द्या, कारण दरींत उतरल्यावर खिशांतला फोन पुष्कळदां मुका होतो. आणि प्रत्येक ओढ्याला आपलीं माणसें मोजा.

माझ्या नातीला मीं शब्द दिला आहे. येत्या नोव्हेंबरांत आम्ही दोघें लॉडविक पॉइंटाला जाणार. एकच पॉइंट. सावित्री, कोयना आणि प्रतापगड यांची उजळणी तिनें आतांपासूनच सुरू केली आहे.